दोन मशीनचा उजेड

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, तेव्हा समोरची भिंत त्या डोळ्याला निळसर पांढरी दिसली आणि डाव्याला पिवळट. होतं असं, डॉक्टर म्हणाले. मला मात्र पेठेतल्या आमच्या टॉकीजची केबिन आठवली. डावं मशीन, उजवं मशीन, आणि नोकरीभर ज्याने माझी झोप उडवली तो उजेडातला फरक.

चेंजओव्हर, म्हणजे रीळ संपताना एका मशीनवरून दुसऱ्यावर जाणं, म्हटलं की ऑपरेटर मंडळी पडद्याच्या कोपऱ्यात चमकणाऱ्या ठिपक्यांच्या गप्पा मारतात. पहिल्या ठिपक्याला मोटर, सातेक सेकंदांनी दुसऱ्याला बदल. ते हाताला सवयीने येतं. उजेड जुळवणं येत नाही. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपतं. तोवर या मशीनचा आर्क, म्हणजे दोन कार्बन कांड्यांमधला पेटता झोत, स्थिरावलेला असतो आणि पलीकडचा नुकता पेटलेला. पॉझिटिव्ह कार्बनच्या टोकाचा खळगा नीट झालेला नसेल, तर नवं रीळ पिवळट उजेडात उघडतं. कार्बनमधलं अंतर बिघडलं की पडद्याच्या कडा रंग धरतात. आरसे तर कधीच सारखे नसतात. तांब्याचे शिंतोडे उडून एकावर जास्त डाग पडलेले असतातच.

रात्रीच्या प्रसंगावर रीळ संपून पुढचं भर उन्हात सुरू झालं, तर सगळं झाकलं जातं. एकाच खोलीत, एकाच संभाषणाच्या मधोमध रीळ बदलतं तेव्हा खरी कसोटी. मॅटिनीला ‘जगाच्या पाठीवर’सारखा जुना सिनेमा लागला की मी धास्तावायचो. कृष्णधवल चित्रात फरक लपवायला रंगसुद्धा नसतो.

म्हणून पलीकडचा आर्क मी बराच आधी पेटवायचो. दिव्याच्या पेटीला लावलेल्या कार्डावर आर्कची प्रतिमा पडते. तिथे दोन्ही मशीनसाठी पेन्सिलीच्या वेगवेगळ्या रेघा मारल्या होत्या. मालकाला ही कार्बनची नासाडी वाटे. शेजारच्या टॉकीजमध्ये करंट कमी ठेवून कार्बन वाचवत आणि त्याबद्दल शाबासकी मिळवत. त्यांना मी कधीच ऑपरेटर मानलं नाही.

बदल झाला की मी झरोक्यातून खालची डोकी बघायचो. एकही हललं नाही, तर जिंकलो. पण तेवढ्याने माझं पोट भरत नसे. मध्यंतरात चहाच्या गाड्याशी जाऊन उभा राहायचो, पडद्याबद्दल कोणी काही बोलेल म्हणून. लोक नायिकेबद्दल बोलायचे. कोणाला कळू नये म्हणून राबायचो आणि कोणाला कळलं नाही म्हणून चिडायचो.

पुढे कार्बनच्या जागी झेनॉनचा दिवा आला, मग डिजिटल. रिळं गेली, चेंजओव्हर गेला. आता जुळवायला दुसरं मशीनच नाही, तरी परवा एका मल्टिप्लेक्समध्ये पडदा इतका मंद होता की चेहऱ्यांवरच्या सावल्या चिखल झाल्या होत्या. दिवा जास्त दिवस टिकावा म्हणून कमी उजेडावर चालवतात, कुठे थ्रीडीची काच साध्या सिनेमालाही तशीच राहते. हा कंजूषपणा आमच्या शेजाऱ्यांचाच, फक्त तिकीट महाग झालं.

पडदा अंधारा वाटला तर गप्प बसू नका. उठा, बाहेर जा, मॅनेजरला दिवा बघायला सांगा. वर केबिनमध्ये आता बहुतेक वेळा कोणी नसतं. खालून कोणी बोललं तरच मॅनेजरला कळतं.