दुसरे टोक

मैत्री कशी जमते याविषयी लोकांच्या काही ठरीव कल्पना असतात. शाळेत एका बाकावर बसले की ती जमते, एका चाळीत राहिले की जमते, किंवा रोज एकाच गाडीने कचेरीला गेले की जमते. आम्हां तिघांची मैत्री यांपैकी कोणत्याच खणात बसत नाही. "तुमची ओळख कुठली?" असे कोणी विचारले की आम्ही खरे ते सांगत असू, "विमानांतली." विचारणारा लगेच सावरून बसे. आम्ही वायुदलातले निवृत्त अधिकारी असणार, असे त्याला वाटे. मग आमची विमाने काखोटीला मारून सायकलवरून नेता येतील एवढीच होती, आणि त्यांच्यात बसायला मुंगीलासुद्धा जागा नव्हती, हे त्याला कळे. "म्हणजे खेळण्यातली!" असे म्हणून तो पुन्हा खुर्चीला पाठ टेकी.

खेळण्यातली तर खेळण्यातली! पण या खेळण्याची एक गोष्ट बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. ते एकट्याने बनवता येते. स्पर्धेत मात्र ते एकट्याला सहसा उडवता येत नाही.

रबरावर उडणारे विमान घ्या. त्याच्या पोटात रबराच्या पट्ट्यांची लांब लड असते. तिला एरंडेल चोळायचे, मूळ लांबीच्या चार-पाच पट ताणायचे आणि हातयंत्राने पीळ भरत भरत पावलापावलाने विमानाकडे यायचे. हे चालले असता विमान कोणी तरी घट्ट धरून उभे राहावे लागते. लड तुटली तर तिचा फटका धरणाऱ्याच्या बोटांना बसतो. ग्लायडर घ्या. पन्नास मीटर दोरीचे एक टोक उडवणाऱ्याच्या हातात असते आणि दुसऱ्या टोकाशी विमान डोक्यावर धरून सोबती उभा असतो. दोघांची धाव जुळली तर विमान पतंगासारखे चढते, दोरी सैल पडते, कडी आकड्यातून निसटते आणि विमान मोकळे होते. इंजिनाच्या शर्यतीच्या विमानांत तर जोडीच नेमलेली असते. तीन वैमानिक एकाच वर्तुळात एकमेकांना खेटून उभे राहतात, तारांवर विमाने फिरवतात, आणि शंभर फेऱ्या, म्हणजे दहा किलोमीटर, पुऱ्या करतात. मध्येच इंधन संपून उतरलेले विमान पकडायचे, टाकी भरायची आणि पंख्याला टिचकी मारून पुन्हा सोडायचे, हे प्रत्येकाच्या मेकॅनिकचे काम. ते काही क्षणांतच उरकावे लागते. थोडक्यात काय, दुसरे टोक धरायला माणूस हवा!

मला वाटते, उडण्याच्या विद्येलाच हा नियम लागू आहे. १८७१ साली पॅरिसच्या त्विलरी बागेत आल्फाँस पेनो नावाच्या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारे एक इवलेसे विमान ११ सेकंद उडवून दाखवले. स्वतःचा तोल स्वतः सांभाळणारे ते पहिलेच विमान. पण पुढे माणूस बसू शकेल असे विमान बांधायला त्याला मदत मिळेना. १८८० साली, वयाच्या तिशीतच, निराश होऊन त्याने आपले आयुष्य संपवले. त्याच्या आधी दोनच वर्षे, १८७८ साली, अमेरिकेतल्या एका पाद्र्याने आपल्या मुलांना एक खेळणे आणून दिले होते. बूच, बांबू आणि कागद यांचे ते खेळणे रबराच्या पिळावर छतापर्यंत उडे. त्याची कल्पना पेनोचीच. खेळणे मोडले तेव्हा मुलांनी स्वतः तसेच दुसरे करून पाहिले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. पेनो एकटा पडला आणि हे दोघे भाऊ होते, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात ओझरती येते. माझ्या लेखी ती मोठी आहे.

छोट्या विमानांच्या जगात तर परक्यावर विसंबण्याची जुनी रीतच आहे. १९२८ सालापासून इंग्लंडच्या वेकफील्ड यांच्या नावाच्या चषकासाठी देशोदेशींचे हौशी लोक रबरावरची विमाने उडवू लागले. लांबच्या देशांतल्यांना आगबोटीचे भाडे कोठून परवडणार? ते आपले विमान पेटीत भरून पाठवीत. पीळ किती द्यायचा, शेपूट किती कलते ठेवायचे, हे सोबतच्या चिठ्ठीत लिहीत, आणि तिकडचा कोणी तरी गृहस्थ ते विमान त्यांच्या वतीने उडवी. रात्री जागून केलेली वस्तू ज्याचे तोंड कधी पाहिले नाही अशा माणसाच्या हाती द्यायची! लग्नाची मुलगी परगावी देताना बापाला काय वाटत असेल, ते त्या पेट्या बंद करताना त्यांना वाटत असले पाहिजे.

मी या नादाला लागलो तो १९६५ साली, पुण्याला कॉलेजात गेलो तेव्हा. चीनशी युद्ध झाल्यानंतर, १९६३ पासून, कॉलेजात एन. सी. सी. सक्तीची झाली होती. कवायतीतून सुटका होईल या आशेने मी एअर विंगमध्ये नाव घातले. कवायत काही सुटली नाही. पण तिथे विमाने करायला शिकवीत. बाल्साचे लाकूड दक्षिण अमेरिकेतून यायचे, म्हणून सोन्यासारखे जपून वापरायचे. ते कमी पडले की बांबूच्या कामट्या, आणि पंखांना पतंगाचा कागद. त्यावर डोप नावाचे रोगण फासले की कागद ढोलकीसारखा ताठ होई आणि घरभर पिकल्या केळ्यांसारखा उग्र वास सुटे. आई म्हणे, "या घरात आता श्रीखंडालासुद्धा तुझ्या विमानाची चव लागते."

तिथेच मला पहिला मित्र मिळाला. त्याचे खरे नाव आम्ही कधी वापरले नाही. वेळेच्या बाबतीत तो इतका काटेकोर होता, की त्याला सगळे 'काटा' म्हणत. माझ्या दोरीचे दुसरे टोक पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे आले.

आता या स्पर्धेची गंमत सांगतो. ग्लायडरला तीन मिनिटांची, म्हणजे १८० सेकंदांची मर्यादा असते. त्याहून जास्त उडाले तरी गुण १८०च. नाही तर ज्याला तापलेल्या हवेचा झोत सापडेल त्याचे विमान तासभर घिरट्या घालील आणि बाकीच्यांना घरी जावे लागेल. तो झोत डोळ्यांना दिसत नाही. आम्ही घारी कुठे घिरट्या घालतात ते बघायचो, रुईच्या म्हाताऱ्या कुठे वर चढतात ते बघायचो, आणि अंदाजाने विमान सोडायचो. एकदा दोरी सुटली की विमानावर कोणाची सत्ता चालत नाही. मालक आणि प्रतिस्पर्धी, दोघेही माना वर करून बघत राहतात.

आणखी एक नियम आहे. उडणारे विमान झाडाआड गेले, तर घड्याळ लगेच थांबवायचे नाही. दहा सेकंद वाट पाहायची. तेवढ्यात ते पुन्हा दिसले तर मोजणी पुढे चालू. नाही दिसले, तर ती दहा सेकंद वजा करायची.

१९६७ च्या डिसेंबरात एका माळावर आमची आंतरकॉलेज स्पर्धा होती. शेवटच्या फेरीत मला १७२ सेकंद मिळाले असते तर चषक आमचा होता. वेळ मोजायला दोन घड्याळे. एक आमच्या बाजूचे, ते काट्याकडे. दुसरे प्रतिस्पर्धी कॉलेजच्या मुलाकडे. चषकासाठी माझ्याशी झुंज होती ती याच मुलाची. विमान छान चालले होते. शेवटी ते वाऱ्याबरोबर वाहत एका आमराईमागे गेले आणि पुन्हा दिसले नाही. पंच आले. दुसऱ्या मुलाच्या डोळ्यांवर ऊन आले होते. विमान नेमके कधी दिसेनासे झाले ते त्याला सांगता येईना. तो म्हणाला, "यांचा मुलगा सांगेल ते मला मान्य आहे."

मी काट्याकडे पाहिले. त्याच्या घड्याळात १७८ दिसत होते. सबंध माळावर खरे काय ते ठाऊक असलेला तो एकटाच माणूस होता. त्याने घड्याळ पंचांच्या पुढे केले आणि म्हणाला, "यातले दहा वजा करा. एकशे अडुसष्ट."

चार सेकंदांनी चषक गेला. परतीच्या वाटेवर आमच्या कॉलेजचे कोणी काट्याशी बोलले नाही. तोही बोलायला थांबला नाही. तो माझे विमान शोधायला आमराईत शिरला होता. त्याच्याबरोबर, कोणी न सांगता, चषक जिंकलेला तो मुलगाही गेला. दिवेलागणीला दोघे विमान घेऊन आले, एकाच्या हातात पंख आणि दुसऱ्याच्या हातात धड. त्या जिंकलेल्या मुलाचे नाव त्या दिवसापासून 'आमराई' पडले. पुढच्या रविवारी तो पेढे घेऊन आमच्या घरी आला आणि आईच्या हातचे थालीपीठ खाऊन गेला. तो गेला असे म्हणतो खरे, पण आमच्या घरून तो तसा कधी गेलाच नाही.

पुढे मी साताऱ्याकडे शाळेत विज्ञान शिकवू लागलो, काटा बँकेत रोखपाल झाला, आमराई कारखान्यात फिटरचा फोरमन झाला. डिसेंबरातल्या एका रविवारी त्याच माळावर जमायचे, एवढे मात्र ठरलेले. १९८७ साली माझे मोठे ऑपरेशन झाले. तेव्हा घरातला सगळा पैसाअडका मी काट्याच्या स्वाधीन केला. बायकोने जरा काळजीने विचारले, "सगळा?" मी म्हणालो, "ज्याने चार सेकंद चोरली नाहीत, तो चार पैसे काय चोरणार?" दोन महिन्यांनी त्याने मला वही दिली. तिच्यात रिक्षाच्या भाड्याचीही नोंद होती.

१९९४ साली आमराईचा तरणाताठा मुलगा गेला. त्यानंतर तो कोणाला भेटेना. आम्ही दोघे गेलो तर दारातूनच हात जोडले. पत्रांना उत्तर नाही. दोन वर्षे गेली, तीन गेली. "आता त्याला आपण नकोसे झालो असू," असे मी एकदा बोललो. काटा म्हणाला, "झाडाआड गेलाय. घड्याळ चालू ठेव." तो दर वर्षी नोव्हेंबरात आमराईला एक कार्ड टाकी. त्यावर फक्त तारीख, वेळ आणि 'माळ' हा शब्द. सांत्वनाची एक ओळ नाही.

२००० सालच्या डिसेंबरात आम्ही माळावर विमान जुळवीत होतो. मागून सायकल टेकवल्याचा आवाज आला. आमराई उभा होता. केस सगळे पांढरे झालेले. सहा वर्षांनी समोर आलेल्या माणसाशी काय बोलावे ते मला सुचेना. काट्याने रबराची लड त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "पीळ भर. मी धरतो." आमराई पीळ भरू लागला. त्याचे डोळे वाहत होते, पण हात चुकत नव्हता. त्या दिवशी मला त्या जुन्या नियमाची दुसरी बाजू उमगली. विमान पुन्हा दिसले, तर ते झाडाआड असतानाची सेकंदही उड्डाणातच धरली जातात. ती सहा वर्षे आम्ही मैत्रीतून कधीच वजा केली नाहीत.

आता काळ बदलला आहे. पंखांत कार्बनचे धागे असतात, हरवलेले विमान शोधायला त्यात इवलेसे यंत्र बसवतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत रबर ३० ग्रॅमहून जास्त चालत नाही, तरी ही विमाने मिनिटेच्या मिनिटे तरंगतात. पीळ भरताना विमान अडकवायला लोखंडी खुंटीही मिळते. ती खुंटी मी वापरून पाहिली आहे. काम चोख करते. पण रबर कुरकुरू लागले की "बस्स, आता तुटेल हं!" असे काही ती म्हणत नाही.

काटा २०१९ साली गेला. त्याच्या मुलीने ते स्पर्धेचे घड्याळ मला आणून दिले. आमराई आता काठी घेऊन चालतो. माझी पंचाहत्तरी उलटली आहे. पळता येत नाही, म्हणून ग्लायडर बंद केले. रबराचे विमान अजून होते. गेल्या डिसेंबरात काट्याचा नातू आमच्याबरोबर माळावर आला होता. वेळ मोजायला मी ते घड्याळ त्याच्याकडे दिले. आमराईने पीळ भरला, मी धरले, आणि विमान उन्हात चढत चढत दूर बाभळींमागे दिसेनासे झाले. मी म्हणालो, "चला, झाले." पोराने घड्याळावरची नजर न काढता हात वर केला. "थांबा आजोबा," तो म्हणाला, "अजून सात सेकंद आहेत."