ऋतू आणि आपले ताट

बेळगावच्या परिसरात ऋतू पालटल्याची वर्दी आम्हां मुलांना पंचांगाआधी स्वयंपाकघर देते. पौषात भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी, गाजर, पावटा आणि ओला हरभरा यांची मिसळीची भाजी, वर लोण्याचा गोळा! थंडीत भूक प्रखर असते. तीळ व लोणी तिला पुरून उरतात.

चैत्र उजाडला की आंबील आलीच. नाचणीचे पीठ रात्री भिजवून आंबवावे, सकाळी शिजवावे आणि निवल्यावर ताक, मीठ, जिरे घालून प्यावे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात त्याचा दशांशही नसतो. आषाढात भाजी महागली, की मोड आलेल्या हुलग्यांची उसळ प्रथिने व लोह पुरविते. २०२३ साल जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले. ही धान्ये आमच्या घरच्या डब्यांत पूर्वीपासूनच होती.

मात्र एक गोष्ट आम्हांस सलते. हे सारे रांधणारी आई अनेक घरी सर्वांत शेवटी जेवते, आणि तोवर उसळीच्या भांड्याने तळ गाठलेला असतो. वास्तविक लोहाची गरज घरातील पुरुषांपेक्षा तिलाच अधिक! म्हणून आम्ही म्हणतो, सर्वांनी एकाच पंगतीस बसावे; ते न जमल्यास तिचा वाटा आधी काढून ठेवावा. अन्न सकस असून भागत नाही. ते घरातील प्रत्येकाच्या ताटात पोहोचले पाहिजे.