भुरका आणि उपवास

वाचकहो, आपल्या शेजारच्या पाटावर बसून कुणी आमटीभाताचा भुरका मारला, तर आपणांस काय वाटते? बहुतेकांस काहीच वाटत नाही. रांधणारीला तर बरेच वाटते, कारण भुरका ही आपल्याकडे आमटीला मिळालेली पावतीच आहे. माझ्या आईला ती पावती रोज रात्री मिळे, आणि त्याच क्षणी माझ्या मुठी मांडीवर आवळल्या जात.

आमचे इंदूरचे घर लहान. सारी मंडळी एकत्र बसून जेवत. बाबांनी मला जन्मात कधी रागे भरले नाही. त्यांच्याइतका माणूस मला दुसरा प्रिय नव्हता. तरीही बारा-तेरा वर्षांची असल्यापासून त्यांच्या भाकरी चावण्याची मचमच कानी पडली की माझी छाती धडधडे, मान ताठ होई, आणि उठून पळावे, नाहीतर (लिहिताना आजही लाज वाटते) त्यांच्यापुढचे ताट ओढून घ्यावे, असे वाटे. नवल असे की, परक्यांच्या जेवणाचे आवाज मला पुष्कळसे सोसत. जितके माणूस जवळचे, तितका त्रास अधिक.

एकदा न राहवून मी म्हणाले, "बाबा, जरा तोंड मिटून जेवा ना." आई कडाडली, "वडिलांशी असं बोलतात होय गं?" बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले. ते पाहून मला घास गिळेना.

मग मी एक वाट शोधली. प्रथम सोमवार धरला, पुढे गुरुवार, शनिवार, चतुर्थ्या आणि एकादश्या. उपवासाच्या दिवशी पंगतीला बसावे लागत नसे. शेजारणी आईला म्हणत, "पोर किती श्रद्धाळू हो तुमची!" देवाच्या नावावर मी कानांची सुटका करून घेत होते, हे कुणाच्या ध्यानी आले नाही. मध्यरात्री सारे निजले की अंधारात उभ्याने डबे उघडी; शिळी पोळी, गूळ, शेंगदाणे, हाती लागेल ते भराभर खाई. तेव्हा माझ्याच चावण्याचा आवाज मला नकोसा होई. सकाळी त्या खाण्याचे प्रायश्चित्त म्हणून पुन्हा उपवास. १९८६ साली मी एकोणीस वर्षांची होते. केस मूठमूठ गळत होते, मासिक पाळी बंद पडली होती, आणि इंदूरच्या ऐन मे महिन्यात मला शाल लागे.

हे प्रथम ओळखले ते वहिनीने. एका रात्री ती दिवा न लावता स्वयंपाकघरात आली, माझ्या हातातला गुळाचा डबा तिने हळूच काढून घेतला आणि म्हणाली, "वन्सं, कोणताही देव इतकं उपाशी ठेवत नाही. उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चला."

त्या डॉक्टरांनी माझी सारी हकीकत न हसता ऐकली. त्यांनी मला अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातल्या एका प्रयोगाची गोष्ट सांगितली. १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुण स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी राहिले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण त्याहून विशेष म्हणजे ते क्षुल्लक गोष्टींवरून चिडू लागले, त्यांना अन्नाखेरीज दुसरा विचार सुचेना, काहीजण तर पाकपुस्तके जमवू लागले. "उपाशी माणसाच्या अंगावरची सालच निघते," डॉक्टर म्हणाले. "कानांचं पुढं पाहू. आधी वेळेवर जेवा. एकटीनं जेवलात तरी चालेल."

मला हे उलटे वाटले. आवाजामुळे मी जेवत नाही, अशी माझी समजूत. जेवत नसल्यामुळे आवाज अधिक टोचतो, हे कधी मनात आले नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि एक दुसरीला खतपाणी घालीत होती. ठरल्या वेळी तीनदा जेवण सुरू झाले. मी गच्चीवर पान घेई, वहिनी नुसती शेजारी बसे. पहिले काही आठवडे फार जड गेले. पोट फुगे, रडू येई. कानांत कापसाचे बोळे घालण्याचा नादही सोडावा लागला, कारण ते काढले की बारीकसा आवाजही दुप्पट वाटे. त्याऐवजी जेवताना रेडिओ चालू ठेवला. चार-पाच महिन्यांनी मी जेवणघराच्या उंबरठ्याशी बसू लागले.

तेव्हा एक गोष्ट करायची राहिली होती. मी बाबांना सारे सांगितले. ते बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं, पोरीला माझीच किळस येते." इतकी वर्षे ते हे मनात धरून दुधात भाकरी कुस्करीत होते!

या व्याधीला तेव्हा नावही नव्हते. मार्गारेट आणि पॉवेल जास्ट्रेबॉफ यांनी २००१ साली तिला 'मिसोफोनिया' हे नाव दिले. २०१७ मध्ये इंग्लंडातील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की, असे आवाज ऐकताच या माणसांच्या मेंदूतील एक विशिष्ट भाग इतरांपेक्षा फार जोराने जागा होतो आणि हृदयाची गतीही वाढते. हे वाचले तेव्हा आई हयात नव्हती. तिला ते वाचून दाखवावे असे फार वाटले.

आपल्या घरात एखादी मुलगी, किंवा मुलगाही, पंगत चुकवू लागला, उपवास वाढवू लागला, तर तिचे कौतुक करण्याआधी जवळ बसून विचारा. केस गळणे, पाळी थांबणे, भोवळ येणे ही लक्षणे असतील तर दिवस घालवू नका. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

मी पूर्ण बरी झाले, असे म्हणणार नाही. बाबा आता माझ्याकडेच असतात. वय नव्वदीकडे झुकले आहे, कवळी जेवताना कटकट वाजते, आणि कानांनी कमी ऐकू येत असल्याने त्यांना स्वतःला त्याचा पत्ताच नसतो. त्यांचे पान वाढण्याआधी मी पंखा मोठा करते. काल आमटी बरी झाली होती. त्यांनी लांबलचक भुरका मारला आणि वाटी पुढे केली. माझी डावी मूठ टेबलाखाली आवळलेली होती. उजव्या हाताने मी त्यांना आणखी वाढली आणि माझ्या ताटातला भात संपवला.