कुणाची गं तू?

नातीच्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा परवा छापखान्यातून घरी आला. दोरी सोडली, शाईचा वास आला आणि मला पणजीचा अंगठा आठवला. खिळे जुळवून जुळवून त्याला पडलेला घट्टा मी लहानपणी चाचपून पाहायचे. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिची उमेदीची वर्षं गेली. अक्षरं ती आधी उलटी वाचायला शिकली, सुलटी मागून.

१८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली मुक्तीत आणल्या, त्यांतली ती एक. गाव आठवत नव्हतं, बापाचं नाव ठाऊक नव्हतं. मधलं नाव नसलेल्या पोरीला आपल्याकडे कोण विचारतो? धुण्यावर बायका म्हणायच्या, "कुणाची गं तू?" ती सांगायची, "देवबापाची." हातातलं लुगडं आपटता आपटताच. हे सांगताना म्हातारपणीही तिची मान ताठ व्हायची.

मला तोच प्रश्न शाळेत भेटला. एका गुरुजींनी भर वर्गात विचारलं, "ख्रिश्चन ते ठीक, पण मूळचे कोण?" मी बाकाकडे बघत राहिले. तो राग अजून गेलेला नाही. पुढे माझं लग्न ठरताना आमच्याच मंडळीतल्यांनी तेच विचारलं, ते जास्त लागलं. प्रभुभोजनाला शेजारी गुडघे टेकणारी माणसं सोयरिकीच्या वेळी जात काढत होती.

रमाबाईंचं कूळ विद्वानांचं. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'सरस्वती' म्हटलं. पण त्याआधी दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले, तेव्हा ते कूळ कामाला आलं नव्हतं. पुढे हिब्रू, ग्रीक शिकून त्यांनी साध्या मराठीत बायबल आणायला घेतलं. १९२२ मध्ये जाईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. ते छापलं पणजीसारख्या मुलींनी. विश्वास ठेवणारे देवाची लेकरं होतात, हे वचन एकेक खिळा करून तिच्या हाताखालून गेलं असेल.

पणजीने हा बाप घट्ट धरला, कारण तिला दुसरा नव्हता. मलाही त्यानेच उभं केलं. पण मी त्याची लेक, तर ते गुरुजी कुणाचे? त्यांनाही घडवणारा हात तोच. हे मानायला मला आयुष्य लागलं. आता प्रार्थनेला बसले की त्यांचंही नाव घेते. जड जातं, तरी घेते.