घरबसल्या कादंबरीच्या गावाला

कादंबरी वाचताना तुम्ही कधी मोबाइलवर नकाशा उघडून बघितलाय का? पुस्तकातलं गाव खरंच कुठे आहे का, असलं तर कुठल्या तालुक्यात, तिथली नदी कुठून कुठे वाहते, जवळचं स्टेशन कोणतं? बघितला नसेल तर एकदा बघाच. तिकीट लागत नाही, बॅग भरावी लागत नाही आणि गुडघे दुखत असले तरी चालतं. आमच्या घरी गेली दोन वर्षं हा प्रवास चालू आहे. त्यातून जे हाती लागलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आम्ही कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये राहतो, पण मूळचे सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातले. खानापूर-आटपाडी भागातली पुष्कळ माणसं दुष्काळापायी गाव सोडून गलाईच्या धंद्यात शिरली. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं काम. त्या कामासाठी ती देशभरातल्या शहरांत पांगली. माझे वडील त्यांतलेच. वडील कोलकात्यात आणि आई गावी, अशी तीस वर्षं गेली. वडील वारल्यावर मी आईला इकडे घेऊन आलो.

नवव्या मजल्यावरचं घर, खाली रुंद रस्ते आणि ओळीनं उभ्या इमारती. आईला बंगाली येत नाही, हिंदी जेमतेम. त्यात डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद करायला सांगितलं. हावड्याहून पुण्याला पोचायलाच दीड दिवस, पुढे एसटी. आईचं गाव एकाएकी फार लांब गेलं. ती बोलायची कमी झाली. दुपारभर गॅलरीत बसून राहायची.

इथल्या इको पार्कमध्ये जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत. पिरॅमिड, ताजमहाल, चीनची भिंत, सगळं एका दुपारी बघून होतं. आईलाही दाखवून आणलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "समदं बघितलं, पर गेल्यावाणी काय वाटलं न्हाई."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मग गेल्यासारखं वाटतं ते कशानं?

उत्तर सापडलं ते कपाटातल्या एका पुस्तकात. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली आली. एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या लहानशा वाडीत शाळा चालवायला जातो, वाडी त्याला हळूहळू आपलं मानते, आणि मग दुष्काळ येतो. माडगूळकरांचं जन्मगाव माडगुळे आमच्याच तालुक्यात. तिथल्या लेंगरेवाडीवरून त्यांना बनगरवाडी सुचली, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. रात्री जेवणं झाली की मी आईला रोज दहा पानं वाचून दाखवायला लागलो.

तिसऱ्या दिवशी आईनं मला मध्येच थांबवलं. मेंढरं रात्री कशी कोंडतात ते आपल्या नातीला कळलं नसेल, अशी तिला शंका आली. तिनं चार खुर्च्या मांडल्या, त्यांना ओढण्या बांधल्या आणि वाघर कशी लावतात ते दाखवलं. बारा वर्षांची माझी मुलगी त्या वाघरीत मेंढरू होऊन बसली. त्या रात्री आई किती तरी दिवसांनी तासभर बोलत होती.

मग आम्ही नकाशा उघडला. माणगंगा नदी, आटपाडी, खरसुंडी, माडगुळे. आटपाडीजवळच मुलीला एक नाव दिसलं, स्वतंत्रपूर. हे काय? हा सगळा भाग तेव्हा औंध संस्थानात होता. औंधच्या राजानं १९३९ च्या सुमाराला इथे कैद्यांसाठी बिनभिंतीची वसाहत सुरू केली. तिच्यावरूनच पुढे 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निघाला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे व्यंकटेशरावांच्या थोरल्या भावाची. गेलो होतो एका वाडीला, वाटेत दुसरं गाव भेटलं. प्रवासात असंच होतं ना?

हे सगळं आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मासीमांच्या कानावर गेलं. त्यांचं वय ऐंशीच्या घरात. 'दो आँखें बारह हाथ' त्यांनी थिएटरात बघितलेला, त्यामुळे त्या उत्साहानं आल्या आणि रोजच यायला लागल्या. मी मराठीत वाचायचो, मुलगी त्यांना बंगालीत सांगायची. आईनं एकदा गावाकडून आलेल्या हुलग्याचं माडगं केलं. मासीमांनी ते बशीत घेऊन फुंकर मारत संपवलं.

पुस्तक संपल्यावर मासीमा म्हणाल्या, आता तुम्ही माझ्या गावाला चला. आणि त्यांनी बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांची 'पथेर पांचाली' आणली.

१९२९ सालची ही कादंबरी. अपू आणि दुर्गा ही भावंडं, त्यांचं गाव निश्चिंदिपूर. हे नाव नकाशावर शोधू नका. त्यामागचं खरं गाव म्हणजे बिभूतिभूषणांचं बराकपूर. ते इच्छामती नदीकाठी, बनगावजवळच्या गोपालनगरला लागून आहे. त्याच नावाचं कोलकात्याजवळचं मोठं शहर वेगळं, त्यात गफलत करू नका. सत्यजित राय यांनी चित्रपट काढला तेव्हा गाव म्हणून बोडाल निवडलं, ते कोलकात्याच्या दक्षिणेला. म्हणजे एका निश्चिंदिपुराचे झाले तीन. आणि तिन्हींत फरक आहे. चित्रपटात दुर्गा आगगाडी बघते. कादंबरीत मात्र तिची आगगाडी बघायची राहूनच जाते. हे ऐकल्यावर माझी मुलगी रुसली होती.

आता मासीमा बंगालीत वाचत आणि मुलगी आजीला मराठीत सांगे. दुर्गा आणि अपू चोरून कैरीला तेल-मीठ लावून खातात, तिथे आई म्हणाली, "आता ह्यात बंगाली ते काय? आमी बी असंच खायचो." दुसऱ्या दिवशी कैऱ्या आल्या.

या पुस्तकाची एक गोष्ट मला फार आवडते. बिभूतिभूषणांनी ते आपल्या गावी बसून लिहिलेलं नाही. तेव्हा ते बिहारमध्ये भागलपूरकडे, एका जमीनदारी इस्टेटीच्या नोकरीत होते. गाव शेकडो किलोमीटर लांब. आणि त्या भागलपूरकडच्या रानांवरची 'आरण्यक' त्यांनी लिहिली ती बंगालात परतल्यावर. म्हणजे खुर्चीत बसून गावाला जाणारा पहिला प्रवासी खुद्द लेखकच. आपण नुसते त्याच्या मागून जातो.

पण या प्रवासात एक अडचण येते, तीही सांगायला हवी.

'बनगरवाडी'च्या शेवटी पाऊस नाही, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जातात. वाचून गळा दाटतो. नंतर आम्ही आटपाडीचे आजचे व्हिडिओ लावले. कराडजवळच्या टेंभू इथे कृष्णेचं पाणी उचलून ते माणदेशाकडे आणलेलं आहे. पडद्यावर डाळिंबाच्या बागा आणि वाहता कालवा दिसला. मुलगी हिरमुसली. "हे पुस्तकासारखं नाहीये," म्हणाली. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं. आई मात्र पडद्यासमोरून हलेना. कालव्याचा तो व्हिडिओ तिनं तीनदा लावायला लावला. मग म्हणाली, "पानी आलं न्हवं? मग बास झालं की. पुस्तकावाणी कशाला पायजे?"

वाचक मंडळी, मला वाटतं, कादंबरीच्या गावाला निघणाऱ्या प्रत्येकानं हे वाक्य बरोबर ठेवावं. पुस्तकातलं गाव तसंच राहावं असं वाचणाऱ्याला वाटतं. तिथे राहणाऱ्याला पाणी हवं असतं, रस्ता हवा असतो, पोरांना शाळा हवी असते. आपल्याला छान वाटावं म्हणून कुणाचं गाव कोरडं राहायला नको.

मासीमांचं म्हणणं मात्र उलट आहे. बराकपूर न्यू टाउनपासून गाडीनं काही तासांवर. एकदा मी म्हटलं, रविवारी सगळे जाऊन येऊ. त्यांनी मान हलवली. त्यांचं खरं गाव निश्चिंदिपूर नाहीच. ते सीमेपलीकडे, बांगलादेशातल्या खुलना जिल्ह्यात. लहानपणी आई-वडिलांचा हात धरून त्या निघाल्या, त्या परत कधी गेल्या नाहीत. घराशेजारी कोणतं झाड होतं एवढंच आठवतं, बाकीचं गाव त्यांनी या पुस्तकातून उसनं घेतलंय. "बराकपूरला गेलो आणि तिथे दुसरंच काही दिसलं, तर माझ्याजवळचं हेही जाईल," त्या म्हणाल्या.

यावर आई काही बोलली नाही. उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. दोघींचं पटलेलं नाही, आणि मला दोघींचंही पटतं. जिच्या गावात पाणी आलं, तिला आजचं गाव हवं. जिचं गावच गेलं, तिला पुस्तकातलं पुरतं.

या दोघींमुळे आमची न्यू टाउनकडे बघायची नजरही बदलली. इथल्या इमारती गेल्या पंचवीस वर्षांतल्या. त्याआधी ही शेतं, तळी आणि गावं होती. त्यांची नावं अजून आहेत, यात्रागाछी, ठाकदारी, महिषबाथान. बाथान म्हणजे गुरं ठेवायची जागा, असं मासीमांनी सांगितलं. म्हणजे महिषबाथान हा म्हशींचा गोठाच! आई हसायला लागली. आता रिक्षावाल्याला ते नाव ती अशा थाटात सांगते, की जणू तिच्या माहेरचं गाव. या जमिनीवर कुणाचं तरी निश्चिंदिपूर असणारच. त्याची कादंबरी मला अजून सापडलेली नाही. शोधतोय.

तुम्हालाही निघायचं असेल, तर आमचा साधा क्रम सांगतो. आधी पुस्तक, मोठ्यानं वाचून. मग नकाशा. मग त्या गावचा एखादा पदार्थ. आणि शेवटी, ते गाव आज कसं आहे. हा शेवटचा टप्पा गाळू नका.

गडकिल्ल्यांची आवड असेल तर गो. नी. दांडेकरांचं 'माचीवरला बुधा' घ्या आणि लोणावळ्याजवळच्या राजमाचीला चढा, दम लागणार नाही. मुलं असतील तर सत्यजित राय यांची 'सोनार केल्ला' घ्या. फेलूदाबरोबर थेट जैसलमेरच्या पिवळ्या किल्ल्यात पोचाल. घरात मामा वरेरकरांनी मराठीत आणलेले शरच्चंद्र असतील, तर हावडा जिल्ह्यातल्या देउलटीजवळ रूपनारायण नदीकाठी शरदबाबूंचं घर आहे. ते आधी नकाशावर बघा, जमलं तर प्रत्यक्षही.

पण सुरुवात याहून सोपी आहे. आज घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला विचारा, तुम्हाला कुठे जावंसं वाटतं पण आता जाता येत नाही? उत्तर लगेच येणार नाही. थांबा. नाव आलं की त्या गावाचं, त्या नदीकाठचं, निदान त्या मुलखाचं एखादं पुस्तक शोधा आणि पहिली दहा पानं वाचून दाखवा. पुढचा रस्ता तेच दाखवतील.