लिस्बनचा दीड दिवस

विमान चुकलं तर पुढचं मिळतं. क्रूझ सुटली की ती थेट पुढच्या बंदरातच सापडते, आणि आमचं पुढचं बंदर अटलांटिकमधल्या मदेरा बेटावर होतं. म्हणून ज्या गावातून बोट सुटते तिथे एक दिवस आधी जाऊन राहावं, असं सगळे सांगतात. मी दीड दिवस ठेवला होता. शनिवारी सकाळी लिस्बनला उतरायचं, रविवारी दुपारी बोटीवर चढायचं.

आई आठवडाभर आधीच नाशिकहून माझ्याकडे नेदरलँड्सला आली होती. बाबा आले नाहीत. "आठ दिवस पाण्यात राहायला मी काय मासा आहे?" एवढं बोलून त्यांनी विषय संपवला.

दीड दिवसाची मी एक्सेल शीट केली होती. ठिकाण, तिकीट, चालायची मिनिटं, जेवण, आणि आईच्या गुडघ्यासाठी दर दीड तासाला एक बाक. शीटमध्ये न लिहिलेलं एकच काम होतं. मला आईला सांगायचं होतं की मी नेदरलँड्समध्ये घर घेते आहे. पाच वर्षांपूर्वी निघताना मी 'दोन वर्षं' म्हणाले होते. त्या दोन वर्षांच्या भरवशावर नाशिकच्या घरावर आईबाबांनी माझ्यासाठी एक खोली चढवली. भाडेकरू विचारायला येतात. आई सगळ्यांना नाही म्हणते. बोटीवरून परतलं की मला घराच्या कागदांवर सही करायची होती.

पहिला थांबा होता बेलेंचा, शहराच्या पश्चिमेला, तेजो नदीच्या काठावर. 15 नंबरची ट्राम थेट जेरोनिमोस मठासमोर सोडते. राजा मॅन्युएल पहिला याने 1501 मध्ये या मठाचं बांधकाम सुरू केलं. खर्च निघाला तो आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर लावलेल्या पाच टक्के करातून.

"म्हणजे आपल्या मिऱ्यांचे पैसे," आई म्हणाली.

"केरळच्या मिऱ्यांचे, आई."

"तेच ते."

खांबांवर दगडातच कोरलेले दोर आहेत, दोरांना पिळे आहेत, मधूनमधून पानंफुलं. मान वर करून बघत असतानाच आई थांबली. दारातून शिरल्यावर जवळच वास्को द गामाची कबर आहे. हात जोडून झोपलेला दगडी माणूस, आणि समोरच्या बाजूला कवी कामोइंश.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका होती. "याच्यावर मी दर वर्षी दोन मार्कांचा प्रश्न काढला," ती म्हणाली. "वास्को द गामा भारतात कोणत्या साली व कोठे पोहोचला? 1498, कालिकत. साल चुकलं की एक मार्क कमी." थोडा वेळ ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "रिटायर झाल्यावर वाचलं, 1502 मध्ये परत आला तेव्हा याने हजहून परतणारी आख्खी बोट माणसांसकट जाळली. ते काही मी कधी विचारलं नाही."

"तुमच्या पुस्तकात नव्हतं ना."

"नव्हतं. मेला आपल्याकडेच, कोचीत, 1524 साली. तिथेच पुरला होता. नंतर हाडं इथे आणली." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ज्यांना परत आणायचं असतं त्यांना हाडं झाली तरी आणतात."

तिला काही कळलंय की काय, असं मला वाटलं. शीटप्रमाणे आम्हाला नऊ मिनिटं उशीर झाला होता.

बेलेंचा बुरूज तिथून पायी वीसेक मिनिटांवर आहे. आईच्या गुडघ्याने चाळीस. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला नदीचं मुख राखायला बांधलेला हा चिमुकला किल्ला फोटोत दिसतो त्याहून लहान आहे. आत जायची रांग बघून आम्ही तो बेत सोडला, पण मला त्याच्या बाहेरच्या अंगाचा एक दगड शोधायचा होता. टेहळणीच्या एका मनोऱ्याखाली, टेकू म्हणून, गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. वाऱ्यापाण्याने इतकं झिजलंय की आधी माहीत नसेल तर दगडाचा गोळाच वाटेल.

हा गेंडा आपल्याकडचा. गुजरातचा सुलतान मुजफ्फर शाह दुसरा याने तो अल्बुकर्कला भेट दिला. अल्बुकर्कला खरं तर दीवला किल्ला बांधायची परवानगी हवी होती. ती मिळाली नाही, गेंडा मिळाला. त्याने तो गोव्याहून बोटीत चढवून राजा मॅन्युएलकडे धाडून दिला. जानेवारी 1515 मध्ये निघालेली बोट 20 मे रोजी इथे, याच नदीत शिरली. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, हत्ती पळाला. जर्मनीत बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूररने प्रत्यक्ष न बघता, वर्णन आणि एक रेखाटन यांवरून त्याचं चित्र काढलं, अंगावर चिलखत असल्यासारखं. पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपला गेंडा म्हणजे तेच चित्र. मग राजाने त्याला पोपकडे भेट म्हणून बोटीत चढवलं. 1516 च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात बोट बुडाली. गेंड्याला पोहता येतं, पण हा साखळदंडात होता.

आईने सगळं ऐकून घेतलं. "एकटाच आला होता?"

"सोबत एक भारतीय रखवालदार होता. नोंदीत ओसेम असं नाव आहे."

आईने भिंतीवर नजर फिरवली. "त्याचं डोकं नाही कोरलं कुणी," ती म्हणाली.

परतताना 1837 पासून चालणाऱ्या त्या प्रसिद्ध दुकानातून पाश्तेल द नाता घेतले. कुरकुरीत पापुद्र्यांची वाटी आणि तिच्यात अंड्याच्या बलकाचं, वरून डागलेलं कस्टर्ड. मठांमध्ये कपड्यांच्या खळीसाठी अंड्याचा पांढरा भाग वापरायचे, उरलेल्या बलकाचं काय करायचं यातून अशी पक्वान्नं निघाली, असं सांगतात. पण शनिवार होता. आई शनिवारी अंडं, मासे, मटण काही खात नाही. मारुतीला पोर्तुगाल वर्ज्य नाही. म्हणून सहांचं पुडकं बांधून घेतलं, सोबत दालचिनी आणि पिठीसाखरेच्या पुड्या. "उद्या बोटीवर खाऊ," आई म्हणाली, आणि तिने ते पर्समध्ये आडवं ठेवलं.

रात्रीचं जेवण आल्फामात होतं. 1755 च्या भूकंपातून बऱ्यापैकी वाचलेला हा जुना भाग. गल्ल्या अशा की समोरच्या खिडकीतल्या माणसाला आपली वाटी देता येईल. सहा टेबलांची खानावळ, टेबलावर कागद अंथरलेला. बसल्याबसल्या म्हाताऱ्या वेटरने ब्रेड, ऑलिव्ह आणि चीज आणून ठेवलं. हे न मागता येतं, पण खाल्लं तर बिलात लागतं, हे मी शीटमध्ये लिहून ठेवलं होतं.

"हात लावू नकोस, पैसे पडतात."

तोवर आईने तुकडा मोडला होता. "पाव आहे ना?" तिने वेटरलाच विचारलं. मराठीत.

"पांव, पांव," वेटर मान डोलावत म्हणाला.

आईने मेनू ओढून घेतला. चष्मा लावून एकेक अक्षर जुळवत वाचायला लागली. "बताता. म्हणजे बटाटा. कोव... कोबी? शा म्हणजे चहा." दिवसभर माझ्या मागेमागे, माझ्या इंग्रजीच्या आधाराने चाललेली ती आता वेटरशी परस्पर बोलत होती. ती एकेक शब्द म्हणायची, तो दुरुस्त करायचा. आमच्यासाठी काल्दो वेर्द आलं, बटाटा दाटसर शिजवून त्यात कोबीच्याच घरातल्या हिरव्या पाल्याचं बारीक कातरण घातलेलं सूप. वर सॉसेजची चकती असते, ती नको म्हणून तिने खुणेने सांगितलं.

ती इतकी खुशीत होती की मला वाटलं, आत्ताच.

"आई, मी घर घेते आहे."

"कुठे?"

"तिकडेच. नेदरलँड्सला."

तिने पावाचा तुकडा सुपात बुडवला, खाल्ला, दुसरा मोडला. "किती खोल्या?"

"दोन."

"बरं."

बस, एवढंच. बिल आलं, पावाचे पैसे लागले होते. परत जाताना चढावर तिने माझा हात धरला नाही, भिंतीला धरून चढली.

सकाळी जाग आली तेव्हा आई तयार होऊन बसली होती, बॅगा बांधलेल्या. नाश्त्यानंतर नदीकाठच्या मोठ्या चौकात गेलो. नाव प्रासा दु कोमेर्सियु, पण लोक अजून तेरेइरु दु पासु म्हणतात, राजवाड्याचं पटांगण. राजवाडा मात्र नाही. 1 नोव्हेंबर 1755 ला भूकंप झाला, मग नदीतून लाटा आल्या, मग दिवसेंदिवस आग. राजवाडा गेला, त्याच्यासोबत पूर्वेच्या व्यापाराचा हिशेब ठेवणारं 'कासा दा इंदिया' गेलं. नंतर बांधलेल्या घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडा घातला, हादरा बसला तर लवचीक राहावा म्हणून. गायोला म्हणतात त्याला, पिंजरा. माझ्यातल्या इंजिनिअरला हे फार आवडलं होतं.

"आणि राजा?" आईने सकाळपासून पहिल्यांदाच काही विचारलं.

"त्याने धसका घेतला. पुन्हा दगडी छताखाली राहिलाच नाही. टेकडीवर लाकडी वाडा बांधून मरेपर्यंत तिथे राहिला."

"घर एकदा हललं की तसंच होतं," आई म्हणाली.

यावर काय बोलायचं मला सुचलं नाही. आम्ही नदीकडे तोंड करून बाकावर बसलो. शीटमध्ये वीस मिनिटं होती; आम्ही तासभर बसलो. पुढची दोन ठिकाणं मी मनातल्या मनात खोडली.

बोटीवर चढण्याआधीचं जेवण रविवारचं, त्यामुळे मासे चालणार होते. बाकाल्याव आ ब्राश मागवलं. खारवून वाळवलेला कॉड, त्याचा चुरा, अंडं, कांदा आणि बटाट्याच्या तळलेल्या बारीक काड्या. आईने काटा फिरवला आणि थबकली.

"अगं, ही तर उपवासाची बटाटा सळी!"

"माशात."

"एकादशीला कुणी बघितलं तर..." आणि ती हसली. आदल्या रात्रीनंतर पहिल्यांदा. मीही हसले, जरा जास्तच.

बंदर आल्फामाच्या पायथ्याशीच आहे. पासपोर्ट, बॅगांची तपासणी, फोटो, कार्ड. बोट नऊ-दहा मजली सोसायटीसारखी उभी होती. संध्याकाळी भोंगा वाजला तेव्हा आम्ही वरच्या डेकवर जागा धरून होतो. बोट संथपणे 25 एप्रिलच्या लाल पुलाखालून गेली. मग मठ दिसला, मग बेलेंचा बुरूज, काडेपेटीएवढा.

"गेंडा कुठल्या बाजूला गं?"

"पलीकडच्या. इथून नाही दिसत."

आईने पर्समधून पुडकं काढलं. नाता थोडे चेपले होते. तिने दालचिनीची पुडी फाडली, वाऱ्याने अर्धी माझ्या बाहीवर उडाली. पहिला घास खाल्ल्यावर ती म्हणाली, "गोड जरा जास्त आहे." आणि दुसरा उचलला.

बुरूज मागे पडला. समोर नदी रुंद होत गेली आणि पाण्याचा रंग बदलला.

"वरची खोली भाड्याने देऊन टाकू का?" आईने विचारलं.

तिच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे तयार होती. विमानाचे तास, व्हिसा, कर्जाचा हप्ता, वर्षातून दोनदा येण्याचं वचन. हा प्रश्न त्यांत नव्हता. 'थांब ना एखादं वर्ष' ओठांवर आलं होतं. पण दोन वर्षं मीच सांगितली होती आणि त्यांनी त्यावर खोली बांधली होती.

"दे," मी म्हणाले. मग म्हणाले, "माझं कपाट राहू दे."

"कपाट राहील," आई म्हणाली. तिने माझ्या बाहीवरची दालचिनी झटकली आणि शेवटचा नाता मधोमध मोडला.