सहस्रस्तंभ मंडपातील वाकडा खांब

मदुराईच्या मीनाक्षी मंदिरातील सहस्रस्तंभ मंडपात प्रत्यक्षात ९८५ खांब आहेत. सोळाव्या शतकातील या मंडपात शिरावे, तर खांबांच्या रांगा ओळंबा लावल्यासारख्या सरळ मागे जाताना दिसतात. आमच्याबरोबरचे सत्तरी ओलांडलेले एक काका रुमालाने उजव्या डोळ्यावरचा घाम टिपता टिपता थबकले. म्हणाले, “डॉक्टर, हा खांब मध्येच वाकलाय का हो?” मी त्यांना डावा डोळा झाकायला सांगितला. खांब सरळ झाला!

दोष त्यांच्या डाव्या डोळ्यात होता. उजवा डोळा तो झाकून नेत होता.

याच नगरीत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अकरा खाटांवर सुरू केलेले अरविंद नेत्र रुग्णालय आहे. दुसऱ्या दिवशी तेथे बाहुली मोठी करून तपासणी झाली, दृष्टिपटलाचे ओसीटी स्कॅन झाले आणि निदान ठरले: वयोमानानुसार होणाऱ्या मॅक्युलाच्या ऱ्हासाचा ‘ओला’ प्रकार.

मॅक्युला म्हणजे दृष्टिपटलाचा मध्यभाग. वाचन आणि चेहऱ्यांची ओळख त्याच्यावर अवलंबून. या विकारात मागील थरातून नव्या, नाजूक रक्तवाहिन्या आत घुसतात. त्यांतून द्रव व रक्त पाझरते, दृष्टिपटल उचलले जाते आणि सरळ रेषा वाकडी दिसते. विलंब झाल्यास तेथे व्रण उरतो आणि गेलेली मध्यदृष्टी परत येत नाही. कडेची दृष्टी सहसा टिकते.

पूर्वी या वाहिन्या लेसरने जाळीत, पण त्यात दृष्टिपटलही भाजे. आता त्यांची वाढ घडवणाऱ्या ‘व्हीईजीएफ’ या प्रथिनाला रोखणारे औषध, थेंबांनी डोळा बधिर करून, नेत्रगोलात टोचतात. ही इंजेक्शने आरंभी बहुधा दरमहा, पुढे प्रतिसाद पाहून दिली जातात. खरी कसोटी असते ती तारखा पाळण्याची. तेथे घरच्यांची सोबत मोलाची. इंजेक्शनानंतर वेदना, लाली वा अंधुकपणा वाढत गेल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. धूम्रपान सोडावेच.

सरळ रेषा प्रत्येक घरात आहेत: दाराची चौकट, खिडकीचे गज, फरशीच्या सांधी. आठवड्यातून एकदा, जवळचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून त्या पाहाव्यात. रेषा वाकली, तुटली किंवा मध्ये डाग दिसला, तर चष्म्याचा नंबर बदलण्याची वाट पाहू नये. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना डोळा दाखवावा.